चालीला कॉर्ड लावताना: आधी बेसचा सूर, मग कॉर्ड

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. चाल तुम्हाला सुचते आणि गळ्यात पक्की बसते. गिटारवर सात-आठ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार सुरांचे गट, येतात. पण दोन्ही एकत्र आणायला गेलात की गाणं अडखळतं. प्रत्येक सुराला कॉर्ड बदलायची का, हे कळत नाही. एकाच जागी दोन-तीन कॉर्ड चालतात, तेव्हा निवड कशी करायची तेही कळत नाही. आणि अंतऱ्यात एका जागी कोमल नि लागतो, लांबतो आणि मग चाल ध वर येते, तिथे स्केलमधली एकही कॉर्ड बसत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही, प्रत्येक सुराला कॉर्ड बदलायची नाही. कॉर्ड एका सुराची नसते, चालीच्या एका तुकड्याची असते. बाकीचं समजून घेण्यासाठी आपण पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरू. मेजर स्केलमध्ये तयार होणाऱ्या सात कॉर्ड सरगममध्ये अशा:

सी : सा ग प
डी मायनर : रे म ध
ई मायनर : ग प नि
एफ : म ध सा
जी : प नि रे
ए मायनर : ध सा ग
बी डिमिनिश्ड : नि रे म

हे नीट पाहिलंत तर दिसेल की प्रत्येक सूर बरोबर तीन कॉर्डमध्ये येतो. ग घ्या: तो सीमध्ये आहे, ई मायनरमध्ये आहे आणि ए मायनरमध्येही आहे. म्हणजे ‘हा सूर आला तर कुठली कॉर्ड?’ असं विचारलं की दरवेळी तीन उत्तरं मिळणार आणि तिन्ही बरोबर असणार. बहुतेक जण अडकतात ते इथेच. सुरावरून कॉर्ड शोधण्याची पद्धत चुकीची नाही, पण एकटी ती निर्णय देऊ शकत नाही. निर्णय ठरतो तो सूर कुठल्या मात्रेवर आहे, किती वेळ थांबतो, पुढे कुठे जातो आणि त्याच्याखाली बेसमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजात, कुठला सूर आहे यावर. या चारांतही मी शेवटच्याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

त्याआधी चालीचा सा नक्की करा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण ज्यांच्या कॉर्ड बसत नाहीत त्यांपैकी पुष्कळांचा घोळ इथेच असतो. सी मेजर आणि ए मायनर यांचे सूर तेच सात आहेत. नुसते सूर मोजून चाल कुठल्या स्केलची हे कळत नाही. वाद्य बाजूला ठेवा, मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप लावा आणि पूर्ण चाल गा. आधी सी लावून गा, मग ए लावून गा. एकदा चाल शेवटी स्वस्थ बसेल आणि एकदा तरंगत राहील. जिथे बसते तो सा. मुखड्याचा पहिला सूर पाहून सा ठरवू नका. पुष्कळ चाली ग किंवा प वरून सुरू होतात. मुखडा संपताना जिथे न्यास होतो, म्हणजे चाल येऊन विसावते, तो सूर जास्त भरवशाचा.

आता कॉर्ड कुठे बदलायची ते बघू. कुठली कॉर्ड हा प्रश्न यानंतरचा. चाल गाताना हाताने ठेका धरा आणि कुठे काहीतरी बदलावंसं वाटतं तिथे खूण करा. केरव्यात आठ मात्रा असतात. बदल बहुधा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो आणि आवर्तनात, म्हणजे ठेक्याच्या एका फेरीत, दोन बदल हवे असतील तर दुसरा पाचव्या मात्रेवर. दादऱ्यात पहिली आणि चौथी. सावकाश गाण्यात आवर्तनाला दोन कॉर्ड आरामात मावतात. द्रुत गाण्यात एकच कॉर्ड दोन आवर्तनं टिकली तरी हरकत नसते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: बदलांची गती आधी ठरवा आणि ती ओळभर सांभाळा. दोन आवर्तनं एकेक कॉर्ड आणि तिसऱ्यात अचानक चार, असं झालं की ऐकणाऱ्याला लय ढळल्यासारखी वाटते, जरी ठेका बरोबर असला तरी. ओळ संपत आली की बदल थोडे दाट करणं मात्र चालतं, नव्हे शोभतं. त्याने ठहराव, म्हणजे ओळीचा थांबा, जवळ आल्याची चाहूल लागते.

शब्दांकडेही इथेच बघा. ‘अजून आहे दार उघडे’ अशी ओळ असेल तर कॉर्डचा बदल ‘अजून’वर किंवा ‘उघडे’वर पडला पाहिजे. ‘आहे’वर नवी कॉर्ड आली तर बिचारं क्रियापद उगाच ठळक होतं आणि ओळीतली ओढ हरवते. मात्रा आणि शब्द यांचं भांडण झालं तर मी चाल थोडी सरकवून महत्त्वाचा शब्द समेवर आणतो. कॉर्डच्या जोरावर ते भांडण मिटत नाही.

खुणा झाल्या की दोन खुणांमधले सूर वाचा. सगळ्या सुरांना सारखं वजन नसतं. समेवरचा सूर, लांबवलेला सूर आणि उडी मारून गाठलेला सूर हे जड. दोन सुरांमधून जाता जाता लागलेला, कण म्हणून आलेला किंवा शेजारच्या सुराला शिवून परत येणारा सूर हलका. हलके सूर कॉर्डमध्ये नसले तरी बिघडत नाही, उलट त्यांच्यामुळेच चाल चालीसारखी वाटते. उडीबद्दल एक उपयोगी निरीक्षण: चाल जिथे उडी मारते तिथे उडीची दोन्ही टोकं बहुतेक वेळा एकाच कॉर्डमध्ये सापडतात. सा वरून थेट प, तिथून ग, अशी चाल असेल तर ती स्वतःच सी कॉर्ड सांगते आहे. तुम्ही फक्त ऐकायचं.

आता एक छोटी चाल घेऊ. केरवा, आठ आवर्तनं, सा म्हणजे सी. ऽ म्हणजे आधीचा सूर एक मात्रा लांबवायचा.

१ : ग ऽ ग म प ऽ ग ऽ
२ : ध ऽ ध प म ऽ ऽ ऽ
३ : म ऽ ग रे म ऽ रे ऽ
४ : ग ऽ रे ऽ ऽ ऽ ऽ ऽ
५ : ग ऽ ग म प ऽ ग ऽ
६ : ध ऽ ध प म ऽ ऽ ऽ
७ : रे ऽ ग ऽ रे ऽ खालचा नि ऽ
८ : सा ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ ऽ

आधी ही चाल दोन-चार वेळा गाऊन घ्या, मग पुढे वाचा.

तिसरं आवर्तन पहा. सुरामागे कॉर्ड लावणारा इथे म ला एफ, ग ला सी, रे ला जी, पुन्हा म ला एफ आणि शेवटच्या रे ला डी मायनर लावेल. आठ मात्रांत पाच कॉर्ड. प्रत्येक कॉर्ड ‘बरोबर’, आणि सगळं मिळून गोंधळ. प्रत्यक्षात जड सूर आहेत म आणि रे. ग मधून जाता जाता लागतो. म आणि रे एकत्र डी मायनरमध्ये आहेत. पूर्ण आवर्तनाला एक डी मायनर पुरते.

चौथ्या आवर्तनात जास्त मजा आहे. समेवर ग आहे, दोन मात्रा टिकतो आणि मग रे वर उतरून ओळ थांबते. समेवर ग दिसला की हात सी कॉर्डकडे जातो. तिसऱ्या मात्रेला रे आला की जी. असं वाजवून पहा. ऐकायला काही खटकत नाही, पण ओळ सपाट होते. आता समेपासूनच जी धरा. जीमध्ये प, नि, रे आहेत, ग नाही. म्हणून समेवरचा ग कॉर्डच्या बाहेरचा, किंचित दुखरा वाजतो, आणि रे वर उतरताच आत येतो. चालीत जी ओढ तुम्ही गळ्याने घातली होती ती आता वाद्यातूनही ऐकू येते. समेवर कॉर्डबाहेरचा सूर ठेवून त्याला एक पायरी खाली आत आणणं, हे सुरावटीतलं सगळ्यात बोलकं हत्यार आहे असं माझं मत आहे. ‘समेवरचा सूर कॉर्डमध्ये असलाच पाहिजे’ हा नियम आंधळेपणाने पाळला तर ते कायमचं गमावून बसाल. ताण सुटतो की नाही एवढंच बघा: बाहेरचा सूर शेजारच्या सुरावर सरकत असेल तर राहू द्या, तिथेच अडकून बसत असेल किंवा उडी मारून पळत असेल तर कॉर्ड बदला.

बाहेरच्या सुरांतही फरक असतो. सी कॉर्ड वाजत असताना वर म लांबवून धरलात तर तो कॉर्डमधल्या ग शी अर्ध्या सुरावर घासतो आणि कान लगेच तक्रार करतो. त्याच सी कॉर्डवर रे किंवा ध लांबवला तर मऊ, तरंगता रंग मिळतो. म असा थांबत असेल तर एफ किंवा डी मायनर घ्या, किंवा सीमधला ग काढून त्या जागी म च वाजवा, आणि चाल ग वर उतरली की ग परत आणा.

पहिल्या ओळीसाठी मग सी, एफ, डी मायनर, जी असा क्रम मिळतो. दुसऱ्या आवर्तनात ध आणि म जड आहेत, म्हणजे एफ चालते तशी डी मायनरही चालते. मी तिथे एफ घेतो, कारण पुढच्या आवर्तनात डी मायनर येणारच आहे. तीच कॉर्ड समेआधीपासून वाजत राहिली तर सम आल्याचं कळत नाही.

आता बेस. वरची चाल गात राहा आणि गिटारवर कॉर्ड न वाजवता जाड तारेवर फक्त एकेक सूर द्या: सा, म, रे, प. एका आवर्तनाला एक. दोनच आवाज, वरचा तुमचा आणि खालचा तारेचा. हे एवढंच पूर्ण वाटलं पाहिजे. नवीन गाणं हाती घेतलं की मी कॉर्डकडे जायच्या आधी हेच करतो, आणि शिकणाऱ्यांनाही याच वाटेने नेतो. कारण श्रोत्याच्या कानात सगळ्यात ठळक दोनच रेषा उमटतात: सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची. मधले सूर रंग भरतात, पण गाणं पुढे जातंय की जागीच थबकलंय हे या दोन रेषा ठरवतात. कॉर्डच्या नावांचा विचार करत बसलं की खालची रेषा कुणी ऐकतच नाही.

बेस आणि चाल यांच्यातल्या अंतराचा स्वभाव ओळखायला शिका. दोघांचा सूर एकच असेल तर ठाम पण जरा रिकामं वाटतं. शेवटच्या न्यासाला ते छान, ओळीच्या मध्यावर वारंवार आलं तर गाणं पुन्हा पुन्हा संपल्यासारखं होतं. बेसचा सूर पहिला धरून मोजा: चाल बेसपासून तिसऱ्या सुरावर असेल तर गोड, भरलेलं. पाचव्यावर असेल तर मोकळं आणि थोडं लांबचं. सहाव्यावर असेल तर हलकं, पुढे सरकणारं. सातव्यावर ओढ, नवव्यावर तरंग. वरच्या उदाहरणात पहिल्या तीन समांवर ग, ध, म आहेत आणि खाली सा, म, रे. तिन्ही वेळा तिसऱ्याचं अंतर, म्हणून पहिली ओळ सहज गोड लागते. चौथ्या समेला प वर ग, म्हणजे सहावा, आणि तो पाचव्यावर उतरतो.

हा स्वभाव कानात मुरवायचा सोपा रियाज असा: प लावून धरा आणि खाली कॉर्ड बदलत जा. सी, मग ई मायनर, मग जी, मग ए मायनर, मग एफ. प जागचा हलत नाही. पण सीवर तो पाचवा आहे, ई मायनरवर तिसरा, जीवर स्वतः मूळ सूर, ए मायनरवर सातवा आणि एफवर नववा. एकच सूर पाच वेगळ्या गोष्टी बोलतो. शेवटी ई फ्लॅट मेजर वाजवा, म्हणजे कोमल ग, प आणि कोमल नि. प पुन्हा तिसराच आहे, पण भोवतालचा उजेडच बदललेला असतो. दोन-तीन कॉर्ड बसत असताना कुठली घ्यायची या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या रियाजात आहे. ज्या कॉर्ड बसतात त्यांत बरोबर-चूक नसते. त्या जागी तुमचा सूर काय बोलायला हवा, ते तुम्ही ठरवायचं असतं.

आता आपल्या चालीची दुसरी ओळ घ्या. पाचवं आणि सहावं आवर्तन हुबेहूब पहिल्या दोनांसारखं आहे. पुन्हा सी, एफ वाजवलंत तरी चालेल. पण चाल तीच असताना खालचं बदललं तर ऐकणारा दुसऱ्यांदा कान देतो. ए मायनर, डी मायनर, जी, सी असा क्रम लावून पहा. सूर सगळे जुळतात: पाचव्यात ग हा ए मायनरचा पाचवा आणि प सातवा, सहाव्यात ध आणि म दोन्ही डी मायनरचे.

तरीही एक बारीक खोट आहे आणि ती फक्त बेससोबत गाताना कळते. ए मायनरचा बेस ध, त्यावर चालीत ग, म्हणजे पाचव्याचं अंतर. मग डी मायनरचा बेस रे, त्यावर चालीत ध, पुन्हा पाचव्याचं अंतर. चाल ग वरून ध वर चार सूर वर जाते आणि बेसही ध वरून रे वर तेवढाच वर जातो. दोन रेषा एकमेकींना बांधल्यासारख्या उड्या मारतात आणि क्षणभर दोन आवाजांचा एकच आवाज होतो. उपाय सोपा आहे. डी मायनरच ठेवा, पण बेसला रे ऐवजी म द्या. गिटारवर सगळ्यात जाड तारेच्या पहिल्या फ्रेटवर तो मिळतो. आता बेस ध, म, प, सा असा जातो. चाल वर चढते तेव्हा बेस खाली उतरतो, ध च्या खाली म म्हणजे गोड तिसरा, तिथून एक पायरी चढून प, आणि मग सा. कॉर्डचं नाव न बदलता ओळ सुटी झाली.

म्हणूनच उलट्या कॉर्डकडे दुर्लक्ष करू नका. कॉर्डचा मूळ सूर खालीच पाहिजे असं काही नाही. सीच्या खाली ग द्या, जीच्या खाली नि द्या. सी, नि वरची जी, ए मायनर, प वरची सी, एफ असं वाजवलंत की बेस सा, नि, ध, प, म असा पायरीपायरीने उतरतो. वर चाल जवळजवळ स्थिर असली तरी गाणं चालत राहतं. चाल चढते तिथे बेस उतरवा, चाल उतरते तिथे बेस चढवा किंवा थांबवा. हे सतत जमणार नाही, जमायलाही नको, पण ओळीतल्या सगळ्यात उंच सुराखाली तरी करून पहा.

एकाच चालीखाली किती निरनिराळं बांधता येतं याचा मोठा दाखला योहान सेबास्टियन बाख यांच्या १७२७ सालच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये आहे. त्यात एक कोराल-धून, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्राची चाल, पाच वेळा येते. पहिल्या दोन वेळा खालची संगती, म्हणजे कॉर्डची बांधणी, तीच आहे, फक्त पट्टी अर्ध्या सुराने उतरते. पुढे संगती बदलत जाते आणि येशूच्या मृत्यूनंतर ती शेवटची येते तेव्हा खालचे आवाज अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सरकत इतके काळोखे होतात की वरची ओळखीची धून नवीच भासते. ही पाचही रूपं लागोपाठ ऐका आणि ऐकताना फक्त बेसमागे जा.

कामाचा क्रम विचारलात तर मी शेवटाकडून मागे येतो. ओळीचा ठहराव आधी ठरवतो: इथे पूर्ण थांबायचं आहे की अर्धवट? पूर्ण थांबायचं तर जीवरून सी. अर्धवट ठेवायचं तर जीवरच थांबा, आपल्या चौथ्या आवर्तनासारखं. एफवरून सी हा थांबा शांत, विनवणीच्या सुरातला. आणि जीनंतर अपेक्षित सीच्या जागी ए मायनर दिली, तर वरचा सा तोच राहूनही ओळ संपत नाही, आणखी एकदा म्हणायची मुभा मिळते. मुखडा शेवटच्या वेळी दोनदा घ्यायचा असेल तेव्हा पहिल्या खेपेला हे करून पहा. ठहराव पक्का झाला की ओळीची सुरुवात सहसा आपोआप ठरलेली असते, आणि मधल्या दोन-तीन जागाच भरायच्या उरतात.

आधी चार कॉर्डचं चक्र वाजवत राहून त्यावर चाल गुणगुणण्याची पद्धत आज सर्रास आहे. त्यातूनही उत्तम गाणी होतात. पण तुमची चाल आधीच तयार आहे, आणि तयार चालीवर चक्र लादलं की ठहराव एकीकडे आणि चक्राचा शेवट दुसरीकडे पडतो. चाल ज्यांना आधी सुचते त्यांनी चक्राच्या नादी लागू नये.

मायनर चालीत एकच जागा जपायची. ए सा धरला तर पाचवी कॉर्ड ई मायनर की ई मेजर? ई मेजरमध्ये शुद्ध नि आहे, म्हणून ती सा कडे जोरात ओढते. ई मायनरमध्ये कोमल नि, ओढ सौम्य. त्या क्षणी चालीत कोमल नि लागत असेल तर ई मेजर वाजवू नका, दोन्ही नि एकमेकांवर आदळतील. चालीत तिथे नि नसेलच तर निवड तुमची.

रागाच्या वळणाच्या चाली असतील तर मेजर-मायनरच्या हिशेबाने त्यांना हाकू नका. भूपासारख्या चालीत म आणि नि नाहीत, त्यामुळे जवळजवळ कुठलीही कॉर्ड वरवर बसते. अशा वेळी कमी कॉर्ड वापरा, कारण प्रत्येक नवी कॉर्ड चालीत नसलेला म किंवा नि आणण्याची शक्यता असते. यमनसारख्या चालीत तीव्र म आहे, म्हणजे एफ कॉर्ड बाद. तीव्र म साठी डी मेजर बसते, पण तिच्यानंतर जी आली की कान प लाच सा मानायला लागतात. बेसमध्ये सा धरून ठेवा आणि वर डी मेजर वाजवा, तर सा हलत नाही. भैरवाच्या वळणात रे कोमल असल्यामुळे नेहमीची जी कॉर्ड मिळतच नाही. तिथे कोमल रे वरची मेजर कॉर्ड, म्हणजे कोमल रे, म, कोमल ध, आणि तिच्यावरून सीवर उतरणं, हाच ठहराव.

अशा चालींबद्दल आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. की-बोर्डवर सा ते ग हे अंतर ४०० सेंट असतं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), तर तंबोऱ्याशी जुळलेला शुद्ध ग सुमारे ३८६ सेंटवर. गाणारा तयारीचा असेल आणि ग लांबवत असेल तर वाद्यातला ग त्याच्या गळ्यातल्या ग शी साधारण १४ सेंटनी भांडतो. कॉर्ड बरोबर असते, तरी काहीतरी बेसूर वाटत राहतं. तिथे कॉर्डमधला ग काढून टाका, फक्त सा आणि प वाजवा. ग गायकाकडे आहेच. आंदोलित, म्हणजे झुलवलेला सूर किंवा लांब मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, असेल तिथेही हेच: तिसरा सूर काढा, मोकळी जागा ठेवा.

आता तुमचा कोमल नि. स्केलबाहेरचा सूर दिसला की आधी तो किती वजनाचा आहे बघा. हरकतीत, म्हणजे गळ्याने घेतलेल्या छोट्या झटपट सजावटीत, नुसता शिवून जात असेल तर त्याच्यासाठी कॉर्ड बदलायची गरज नाही. पण तुम्ही लिहिलं आहे की तो लांबतो, म्हणजे त्याला खाली आधार पाहिजे. त्याला सामावून घेणाऱ्या तीन कॉर्ड हाताशी आहेत: सी सेव्हन, म्हणजे सा ग प कोमल नि. जी मायनर, म्हणजे प कोमल नि रे. आणि बी फ्लॅट मेजर, म्हणजे कोमल नि रे म. यांतली कुठली, ते त्या सुराच्या पुढच्या पावलावर ठरतं.

कोमल नि वरून चाल ध वर उतरत असेल तर सी सेव्हन आणि तिच्यामागे एफ. कोमल नि हा सी सेव्हनचा सातवा, तो ध वर उतरतो आणि एफचा तिसरा होतो. हे उतरणं इतकं नैसर्गिक आहे की कॉर्ड बदलल्याचंही कळत नाही. कोमल नि वरून चाल सा वर चढत असेल तर बी फ्लॅट आणि मग सी. याचा रंग रांगडा, मोकळ्या आवाजाचा आहे. कोमल नि वर बराच वेळ थांबून चाल प कडे झुकत असेल तर जी मायनर. तिच्यात दोन्ही सूर आहेत, आणि पुढे हवं तर सी सेव्हनवरून एफकडे जाता येतं.

यांतली कुठलीही घेतलीत तरी तिच्या लगेच आधी किंवा नंतर जी मेजर ठेवू नका. जीमधला शुद्ध नि आणि चालीतला कोमल नि इतक्या जवळ आले की ऐकणाऱ्याला वाटतं गायकच चुकला. मध्ये एफ किंवा डी मायनरचं एक आवर्तन जाऊ द्या, मग जीवरून मुखड्याकडे परत या. अंतऱ्यात तीव्र म लांबवून प वर जात असेल तर त्याच न्यायाने डी सेव्हन आणि जी. कोमल ध लांबवून प वर उतरत असेल तर एफ मायनर आणि सी. तुमचा अंतरा कोमल नि वरून ध वर येतो असं तुमच्या वर्णनावरून दिसतं, तेव्हा आधी बेसवर सा आणि मग म, एवढे दोनच सूर देऊन ती जागा गाऊन पहा.